फाइल पाठवण्याआधी समोरचा फोन ओळखावा

एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर बिनतारी फाइल पाठवण्याच्या सुरक्षिततेचा विषय निघाला, की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: वाटेत कोणी ती फाइल वाचू शकेल का? प्रश्न रास्त आहे, पण गेल्या वीस-बावीस वर्षांतल्या घटना क्रमाने पाहिल्या, तर फाइल वाटेत वाचली जाणे हा त्यांतल्या थोड्याच घटनांमधला मुख्य धोका होता असे दिसते. बहुतेक ठिकाणी घात झाला तो त्याच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे समोरचे उपकरण नेमके कोणाचे आहे हे ठरवण्याच्या पायरीवर. पाकिटाला लाख लावून मोहोर उमटवली आणि ते भलत्याच घरी पोहोचले, तर मोहोर कितीही पक्की असली तरी काही उपयोग होत नाही. एन्क्रिप्शनचेही, म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात बदलण्याचेही, तसेच आहे. ते फाइल झाकते, पण ती कोणाच्या हाती पडावी हे ठरवण्याचे काम दुसऱ्याच कोणाला तरी करावे लागते आणि फोनच्या बाबतीत ते काम बऱ्याचदा आपल्यावरच येऊन पडते.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही लग्नघरात, वसतिगृहात किंवा तहसील कचेरीबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात थोडा वेळ थांबले, तर किती खासगी गोष्टी अशा हातभर अंतरावरून रोज इकडून तिकडे जात असतात याची कल्पना येते. हळदीचे फोटो, सातबारा उतारा, जातीचे प्रमाणपत्र, बँकेचे पासबुक, आधार कार्ड, मुलांच्या प्रवेशाची कागदपत्रे, सारे काही त्यात असते. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू होऊन मोबाइल डेटा स्वस्त होईपर्यंत मोठी फाइल इंटरनेटवरून पाठवणे अनेकांना परवडतच नव्हते, त्यामुळे थेट फोनवरून फोनवर पाठवण्याची सवय आपल्याकडे खोलवर रुजली. डेटा स्वस्त झाल्यावरही ती टिकली, कारण फोटो मूळ दर्जाचे हवे असतात, चित्रफीत काही जीबींची असते आणि ज्या गावात कार्य आहे तिथे रेंज असेलच असे नाही. सवय टिकली, तरी तिच्यामागचे तंत्र मात्र तीन-चार वेळा पूर्णपणे बदलले आणि प्रत्येक बदलात ओळख पटवण्याचा प्रश्न नव्या रूपाने पुढे आला.

ब्लूटूथपासून सुरुवात करणे योग्य ठरेल. ब्लूटूथवर एखादी वस्तू 'ढकलण्याची' जी जुनी पद्धत होती, तिच्यात पाठवणाऱ्याची ओळख विचारली जात नसे, कारण व्हिजिटिंग कार्डासारखी किरकोळ माहिती अनोळखी माणसालाही चटकन देता यावी हाच तिचा हेतू होता. २००३ मध्ये ब्रिटनमधले संशोधक ॲडम लॉरी यांनी दाखवून दिले, की त्या काळच्या काही नोकिया आणि सोनी एरिक्सन फोनमध्ये याच वाटेने उलट दिशेनेही जाता येते. म्हणजे फोनला काही 'द्यायचे' सोडून त्याच्याकडे ठरावीक नावाची फाइल 'मागितली', तर तो मालकाला काहीही न कळवता आपले फोनबुक देऊन टाकत असे. या प्रकाराला ब्लूस्नार्फिंग असे नाव पडले. इथे कोणतेही कुलूप तोडले गेले नव्हते. मागणारा कोण आहे हे विचारण्याची तरतूदच त्या वाटेवर नव्हती, एवढेच कारण त्यासाठी पुरेसे ठरले.

पुढच्याच वर्षी, २००४ च्या जूनमध्ये, कॅबिर नावाचा मोबाइल वर्म, म्हणजे एका फोनवरून दुसऱ्यावर पसरत जाणारा उपद्रवी प्रोग्राम, उजेडात आला. सिम्बियन सिरीज ६० या प्रणालीवरच्या फोनांत तो ब्लूटूथने पसरत असे आणि त्या काळी आपल्याकडे ज्याचे अप्रूप होते तो नोकिया ६६०० याच प्रणालीवर चालत असे. कॅबिर ज्या देशांत आढळला त्यांत भारतही होता. त्याची कार्यपद्धती आजही समजून घेण्यासारखी आहे, कारण त्याने कोणत्याही तांत्रिक त्रुटीचा फायदा घेतला नव्हता. बाधित फोन आसपासच्या साधारण दहा मीटरमधल्या फोनांना 'कॅरिब' या नावाची फाइल पाठवत असे, समोरच्या फोनवर 'स्वीकारायची का' असा प्रश्न येत असे, आणि नकार दिला की तोच प्रश्न पुन्हा येत असे. जोपर्यंत तुम्ही त्या फोनच्या टप्प्यात आहात, तोपर्यंत हे चालूच राही. वैतागून माणूस 'हो' म्हणे, मग ती फाइल इन्स्टॉल करण्याच्या प्रश्नालाही 'हो' म्हणे, आणि त्याचा फोन पुढच्या माणसाला त्रास देऊ लागे. २००५ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीला झालेल्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेच्या वेळी स्टेडियममधल्या गर्दीत तो पसरल्याची नोंद आहे. गर्दीत, गडबडीत विचारलेल्या प्रश्नाला मिळालेले 'हो' हे उत्तर किती कच्चे असते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेच्या नावाने एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप बसवणारी, फाइल पाठवून आज जी फसवणूक केली जाते, तिचा पायाही हाच आहे. फाइल येण्याचा मार्ग बदलला, पण ओळखीच्या वाटणाऱ्या गोष्टीला चटकन होकार देण्याची माणसाची सवय बदललेली नाही.

ब्लूटूथच्या जोडणीत पूर्वी जो पिन टाकावा लागे, तोही फारसा उपयोगाचा नव्हता. बहुतेक जण ०००० किंवा १२३४ ठेवत, हे तर झालेच. पण कोणी विचारपूर्वक चार आकडे निवडले तरी फरक पडत नसे. तेल अवीव विद्यापीठातले यानिव शाकेद आणि अविशाय वूल यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केले, की दोन उपकरणांची जोडणी होत असताना हवेतून जाणारे संदेश कोणी टिपून ठेवले, तर त्यांतून चार आकडी पिन शोधायला त्या काळच्या पेंटियम ४ संगणकाला ०.०६ सेकंद पुरतात. पुढे २००७ च्या ब्लूटूथ २.१ या आवृत्तीत ही पद्धत बदलली. आता दोन्ही फोन आपापसांत गणिताने एक गुप्त किल्ली तयार करतात, ती हवेतून कधीच पाठवली जात नाही, आणि शेवटी दोन्ही पडद्यांवर एक सहा आकडी संख्या दिसते. ही संख्या कुठेही टाईप करायची नसते, फक्त दोन्हीकडे तीच आहे ना हे डोळ्यांनी पाहायचे असते.

या सहा आकड्यांचे प्रयोजन फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून इथे थोडे थांबते. गणिताने तयार होणारी किल्ली ऐकणाऱ्या तिऱ्हाइताला कळत नाही हे खरे, पण आपण ती किल्ली नेमकी कोणाबरोबर तयार केली हे गणित सांगू शकत नाही. समजा, तिऱ्हाईत मध्येच उभा राहिला, माझ्या फोनशी एक किल्ली आणि तुमच्या फोनशी दुसरी किल्ली तयार केली, आणि आलेला मजकूर उलगडून, वाचून, पुन्हा झाकून पुढे पाठवत राहिला, तर दोन्ही फोनांना सारे काही सुरळीत चालल्यासारखेच वाटेल. पडद्यावरची संख्या त्या किल्लीच्या घडणीतून काढलेली असते, त्यामुळे मध्ये कोणी असेल तर दोन्हीकडे संख्या वेगवेगळ्या दिसतात आणि दहा लाखांत एखाद्याच वेळी योगायोगाने जुळतात. म्हणजे एवढ्या सगळ्या यंत्रणेचा शेवटचा भार दोन माणसांनी पडद्याकडे पाहण्यावर ठेवलेला आहे. न पाहता 'जोडा' दाबले, तर मध्ये कोणी आहे की नाही याची तपासणी झालीच नाही असे समजावे. याच चौकटीत अँड्रॉइड फोनवर 'संपर्क आणि कॉलची नोंद पाहू द्यावी का' असाही एक पर्याय असतो. फक्त एक फोटो पाठवायचा असेल तर त्यावर खूण करण्याची काहीच गरज नसते, आणि भाड्याच्या गाडीतल्या संगीतयंत्राशी फोन जोडताना तर मुळीच नसते.

ब्लूटूथ यानंतरही निर्दोष राहिलेले नाही. २०१९ मध्ये तीन संशोधकांनी नॉब या नावाने दाखवलेल्या हल्ल्यात किल्ली किती लांबीची असावी याची दोन उपकरणांतली बोलणीच उघड्यावर होतात हे निदर्शनास आणले, आणि मध्ये घुसणारा ती लांबी एका बाइटपर्यंत खाली आणू शकतो हेही दाखवले. एका बाइटची किल्ली म्हणजे फक्त २५६ शक्यता. त्यानंतर उत्पादकांनी दुरुस्त्या दिल्या, पण त्या फोनच्या अपडेटमधून येतात. ज्या फोनला अपडेट मिळणे बंद झाले आहे, त्याच्यावरून कागदपत्रे पाठवताना हे ध्यानात ठेवावे.

मात्र ब्लूटूथ मोठ्या फाइलसाठी फार हळू आहे, त्यामुळे २०१३-१४ च्या सुमारास आपल्याकडे वायफायने फाइल पाठवणाऱ्या ॲप्सची लाट आली. शेअरइट आणि झेंडर ही नावे तर घराघरांत पोहोचली, आणि 'शेअरइट कर' हे क्रियापद वसतिगृहात रूढ झाले. या ॲप्सनी दिलेली सोय खरी होती आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. ब्लूटूथवर ज्या चित्रफितीला अर्धा तास लागे, ती एक-दोन मिनिटांत जाई. पण ही सोय मिळाली ती ओळख विचारण्याच्या पायऱ्या गाळून. कोअर सिक्युरिटी या संस्थेने २०१६ च्या जानेवारीत जाहीर केले, की शेअरइटच्या विंडोज आवृत्तीने तयार केलेल्या हॉटस्पॉटचा पासवर्ड कायम १२३४५६७८ असाच असतो, अँड्रॉइड फोन फाइल घेण्यासाठी जो हॉटस्पॉट उघडतो त्याला पासवर्डच नसतो, आणि फाइल जाते ती कोणत्याही एन्क्रिप्शनशिवाय. म्हणजे एसटीच्या स्टँडवर किंवा रेल्वेच्या डब्यात दोन मित्र फोटो देत-घेत असतील, तर बाजूच्या तिसऱ्याला त्याच नेटवर्कमध्ये शिरून ते पाहता येत होते. या त्रुटी पुढे दुरुस्त झाल्या. त्यानंतर २०१९ मध्ये रेडफोर्स या गटाने दाखवले, की त्याच ॲपच्या अंतर्गत सर्व्हरकडे, म्हणजे फाइली पुरवणाऱ्या त्याच्या भागाकडे, अस्तित्वात नसलेले पान मागितले, तरी तो मागणाऱ्याला ओळखीचे उपकरण म्हणून नोंदवून घेतो आणि मग फोनमधल्या फाइली त्याला उतरवून घेता येतात. २०२१ च्या फेब्रुवारीत ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने आणखी काही त्रुटी जाहीर केल्या, तेव्हा या ॲपच्या डाउनलोडची संख्या शंभर कोटींच्या वर गेलेली होती.

फाइल व्यवस्थापनाच्या ॲप्समध्येही हीच गोष्ट घडली. ईएस फाइल एक्सप्लोरर हे एके काळी जवळपास प्रत्येक अँड्रॉइड फोनवर असे. ते एकदा उघडले की फोनवर एक छोटा सर्व्हर चालू राहतो आणि त्याच वायफायवरचा कोणीही त्याच्याकडून फाइली मागू शकतो, हे २०१९ च्या जानेवारीत उघड झाले. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत शेअरइट, झेंडर आणि ईएस फाइल एक्सप्लोरर ही तिन्ही होती. बंदीचे कारण देशाची सुरक्षा आणि सार्वभौमत्व असे दिले गेले होते, वर सांगितलेल्या त्रुटी हे नव्हे, आणि या दोन गोष्टींची सरमिसळ करू नये. पण नातेवाइकांचे जुने फोन पाहते तेव्हा त्यांत यांपैकी एखादे ॲप अजून बसलेले आढळते, आणि ते अनेक वर्षांत अपडेट झालेले नसते. माझ्या मते ते काढून टाकण्यासाठी एवढे एक कारण पुरेसे आहे. बंदी आलेले ॲप कुठून तरी एपीके मिळवून पुन्हा टाकणे तर त्याहून वाईट, कारण ती एपीके कोणी तयार केली हेच कळण्याचा मार्ग उरत नाही.

आता उलट बाजू पाहू. ओळख पटवायचीच असे ठरवले तर काय होते, याचे उत्तर एअरड्रॉप या ॲपलच्या फाइल पाठवण्याच्या सोयीत मिळते. हे तंत्र २०११ मध्ये मॅकवर आणि २०१३ मध्ये आयफोनवर आले. त्यात 'फक्त संपर्क' असा पर्याय आहे, म्हणजे ज्यांचे क्रमांक एकमेकांच्या फोनबुकात आहेत तेच एकमेकांना दिसतात. ऐकायला हे आदर्श वाटते. पण दोन फोनांनी आपण एकमेकांना ओळखतो की नाही हे ठरवायचे, तर कोणी तरी आधी आपला क्रमांक सांगायला हवा. ॲपलने तो उघड न सांगता त्याचा हॅश, म्हणजे गणिताने घुसळून काढलेली खूण, पाठवण्याची व्यवस्था केली. जर्मनीतल्या डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी ही व्यवस्था अपुरी असल्याचे २०१९ मध्ये ॲपलला कळवले आणि २०२१ मध्ये जाहीरपणे मांडले. त्यांचे म्हणणे आपल्या मोबाइल क्रमांकांना लावून पाहिले, तर सहज पटते. भारतातले मोबाइल क्रमांक दहा आकडी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो, पण आजचे एक चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काहीशे कोटी हॅश काढू शकते. त्यामुळे सर्व शक्य क्रमांकांचे हॅश काढून ठेवणे आणि हाती आलेली खूण त्यांत शोधणे हे अगदी थोड्या वेळाचे काम ठरते. खूण गुप्त राहते ती मूळ गोष्टीच्या शक्यता अफाट असतील तरच, आणि दूरध्वनी क्रमांकाच्या शक्यता तेवढ्या नसतात.

हा धोका कागदावरच राहिला असेही नाही. २०२४ च्या जानेवारीत बीजिंगच्या न्याय विभागाने जाहीर केले, की भुयारी रेल्वेत एअरड्रॉपने पसरवलेल्या मजकुराच्या तपासात एका न्यायवैद्यक संस्थेने फोनमधल्या नोंदींतले असे हॅश आधीच काढून ठेवलेल्या तक्त्यांशी जुळवले आणि पाठवणाऱ्यांचे क्रमांक आणि ईमेल पत्ते शोधून काढले. त्याआधी, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, ॲपलने चीनमधल्या आयफोनवर 'सर्वांसाठी', म्हणजे आसपासच्या कोणालाही आपला फोन दिसू देण्याचा, पर्याय दहा मिनिटांपुरता मर्यादित केला होता, आणि पुढच्याच महिन्यात तो बदल जगभर लागू केला. सरकारी दडपणाची शंका या बदलामागे अनेकांनी घेतली आणि ती घेण्यासारखी परिस्थिती त्या वेळी चीनमध्ये होती. तरीही मला असे वाटते, की आपल्यासारख्या सामान्य वापरणाऱ्यासाठी दहा मिनिटांची ही मर्यादा चांगलीच आहे. लोकलच्या डब्यात किंवा विमानतळावर अनोळखी माणसाने अश्लील छायाचित्र पाठवण्याचे जे प्रकार जगभर घडले आणि ज्यांचा त्रास मुख्यतः बायकांना झाला, ते दार कायम उघडे राहिल्यामुळेच घडले होते. एअरड्रॉप पाठवलेल्या चित्राची छोटी प्रतिमा स्वीकारण्याआधीच दाखवतो, त्यामुळे नकार देण्यापूर्वीच ते चित्र डोळ्यांपुढे आलेले असते.

अँड्रॉइडवर फाइल पाठवण्यासाठी आज जे क्विक शेअर आहे, ते गूगलच्या २०२० मधल्या निअरबाय शेअरचे आणि सॅमसंगच्या क्विक शेअरचे २०२४ मध्ये झालेले एकत्रीकरण आहे. ते आधी ब्लूटूथने आसपासचा फोन शोधते आणि मग वायफायने फाइल पाठवते. वाटेवरचे एन्क्रिप्शन त्यात आपोआप असते. 'स्वतःची उपकरणे', 'संपर्क' आणि 'सगळे' असे दिसण्याचे पर्याय त्यातही आहेत. त्याखेरीज पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या पडद्यावर एक चार आकडी पिन दिसतो आणि वर सांगितलेल्या सहा आकड्यांचे जे काम, तेच त्याचे काम. मी आजवर ज्यांना ज्यांना हे वापरताना पाहिले, त्यांच्यापैकी तो पिन पाहणारे फारच थोडे. नाव ओळखीचे दिसले की बोट 'स्वीकारा'वर जाते. पण नाव हे ज्याचे त्याने स्वतः ठेवलेले असते. आपल्या फोनचे नाव कोणीही 'आई' किंवा 'मामा' असे ठेवू शकतो, आणि एकाच मॉडेलचे चार फोन एका खोलीत असतील तर चौघांची कंपनीने दिलेली नावेही एकच असतात. म्हणून ज्याला फाइल द्यायची त्याला 'तुमच्याकडे कोणते आकडे दिसताहेत?' असे विचारण्याचा आग्रह मी धरते. मोठ्यांना असे विचारणे सुरुवातीला अवघड वाटते, पण काकांना एकदा कारण समजावून सांगितले की पुढच्या वेळी ते स्वतःहून आकडे वाचून दाखवतात.

स्वीकृतीची चौकटही नेहमीच विश्वासार्ह असते असे नाही. सेफब्रीच या संस्थेच्या संशोधकांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये डेफ कॉन या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत क्विक शेअरमधल्या दहा त्रुटी मांडल्या. त्यांच्यातल्या गंभीर त्रुटी विंडोजवरच्या आवृत्तीत होत्या, आणि त्यांच्या आधारे घेणाऱ्याच्या संमतीशिवायच त्याच्या संगणकावर फाइल उतरवता येत होती. गूगलने दुरुस्त्या दिल्या. लॅपटॉपवर हे ॲप टाकून विसरून गेलेल्यांनी ते अद्ययावत आहे का, हे पाहून घ्यावे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये गूगलने पिक्सेल १० फोनांवरून आयफोनच्या एअरड्रॉपशी थेट देवाणघेवाण सुरू केली, तेव्हा आयफोनवर 'सर्वांसाठी दहा मिनिटे' हा पर्याय चालू करणे आवश्यक ठेवले होते. घरात निम्मे आयफोन आणि निम्मे अँड्रॉइड असलेल्यांची मोठी अडचण यामुळे दूर होऊ लागली, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र 'फक्त संपर्क' ही चाळणी इथे काम करत नसल्याने समोरच्या माणसाला प्रत्यक्ष विचारण्याचे महत्त्व या देवाणघेवाणीत उलट वाढते.

मी स्वतः काय करते, तेही सांगते. दिसण्याचा पर्याय एरवी 'स्वतःची उपकरणे' किंवा पूर्ण बंद, गरज पडेल तेव्हा 'संपर्क', आणि फारच अडले तर तेवढ्यापुरते 'सगळे'. खूप मोठ्या फाइलसाठी, किंवा फोनवरून वेगळ्या प्रणालीच्या संगणकावर पाठवण्यासाठी, लोकलसेंड हे मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही तपासता येतो असे, ॲप मला आवडते. ते दोन उपकरणे एकाच वायफायवर असताना मधल्या कोणत्याही सर्व्हरशिवाय फाइल पोहोचवते आणि वाटेवर एचटीटीपीएसचे, म्हणजे संकेतस्थळे वापरतात तेच, एन्क्रिप्शन वापरते. पण त्यातले ओळखीचे डिजिटल प्रमाणपत्र प्रत्येक उपकरण स्वतःच तयार करते, म्हणजे समोरचे उपकरण कोणाचे याची ग्वाही तिसरे कोणी देत नाही. त्यामुळे हॉटेलच्या किंवा कार्यालयाच्या सामायिक वायफायऐवजी मी त्यासाठी माझाच हॉटस्पॉट लांब पासवर्ड घालून चालू करते आणि काम झाले की बंद करते. फाइल व्यवस्थापनाच्या अनेक ॲप्समध्ये 'एफटीपी' या नावाने जी सोय असते, ती मात्र मी टाळते, कारण साध्या एफटीपीत पासवर्ड आणि फाइल दोन्ही उघडी जातात.

फोटो पाठवताना आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. कॅमेऱ्यात स्थानाची नोंद चालू असेल, तर फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश फाइलमध्ये लिहिलेले असतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले तर ही नोंद गळून जाते, पण ब्लूटूथ, क्विक शेअर किंवा एअरड्रॉपने मूळ फाइल जशीच्या तशी जाते, आणि व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले तरीही तेच होते. आयफोनवर पाठवण्याच्या पडद्यावरच्या 'पर्याय' या बटणाखाली स्थान वगळता येते. घरी काढलेला मुलांचा फोटो अनोळखी छायाचित्रकाराला किंवा विक्रेत्याला देताना हा त्रास जरूर घ्यावा, कारण त्या नोंदीतून आपल्या घराचा नेमका पत्ता जातो.

आणि शेवटी झेरॉक्सचे दुकान. इथे वाटेवरचे एन्क्रिप्शन कितीही उत्तम असो, फाइल दुकानदाराच्या फोनवर किंवा संगणकावर पोहोचली की त्याचे काम संपते आणि ती तिथेच पडून राहते. प्रवेशाच्या दिवसांत अशा एका संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये आधीच्या कितीतरी विद्यार्थ्यांची कागदपत्रे एकाखाली एक दिसतात, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ती पडद्यावर सरळ दिसत असतात. दुकानदाराचा हेतू वाईट असतो असे मी म्हणणार नाही. गर्दीत त्याला पुसायला वेळ नसतो, आणि पुसण्याची आठवण त्याला कोणी करून देत नाही. आपण आपल्यापुरते एवढे करू शकतो, की जिथे चालत असेल तिथे आधारचे मास्क केलेले, म्हणजे शेवटचे चारच आकडे दाखवणारे रूप द्यावे. ते आधार प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावरून ज्याचे त्याला उतरवून घेता येते. उतरवलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो म्हणून निश्चिंत राहू नये, कारण नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष हीच त्याची ठरलेली रचना आहे, आणि सोबत छापायला दिलेल्या अर्जावर आपले नाव आणि जन्मतारीख लिहिलेलीच असते. छापील प्रत हातात पडली की 'भाऊ, माझ्यासमोर फाइल पुसता का, आणि रीसायकल बिनमधूनही?' असे मी विचारते. आजवर कोणी राग मानलेला नाही, आणि आमच्या भागातल्या एका दुकानात आता न सांगताच पुसतात.